समोरचे बाक भरा!

गुजरातच्या येत्या विधानसभा निवडणुकीबद्दल सुरतच्या मराठी गिरणी कामगारांचे रोखठोक म्हणणे



गुजरातच्या विधानसभेची निवडणूक २०२७ च्या अखेरीस यायची आहे. अजून उमेदवार ठरलेले नाहीत, जाहीरनामे छापलेले नाहीत. पण पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर जा आणि विचारा. एकच उत्तर मिळते. "यात बघायचं काय? निकाल तर आत्ताच लागलाय!" आणि त्याच्या मागोमाग दुसरे वाक्य येते, "मग खाडा करून मत कशाला द्यायचं?"

या दोन वाक्यांशी भांडायला आम्ही हा कागद काढला आहे.

आम्ही कोण? आम्ही विद्वान नाही. चौथी-सातवीपर्यंत शाळा पाहिलेली आणि मग ताप्ती लाइनच्या गाडीत बसून धुळे, नंदुरबार, जळगावाकडून सुरतेत आलेली माणसे. आमच्यापैकी कितीकांचे बापही असेच आले होते. कोणी जेट मशीनवर उभा राहतो, कोणी स्टेंटरवर, कोणी बॉयलरला कोळसा घालतो, कोणी फोल्डिंगमध्ये घड्या मारतो. घरात अहिराणी, गल्लीत मराठी, गेटवर हिंदी आणि शेठपुढे गुजराती. पण मतदारयादीत नाव गुजरातचे. म्हणून गुजरातचे बरे-वाईट ते आमचे बरे-वाईट.

आधीच सांगून टाकतो. हा कागद एका पक्षाला शिव्या घालायला काढलेला नाही. काल एकतर्फी सत्ता काँग्रेसची होती, आज भारतीय जनता पक्षाची आहे, उद्या तिसऱ्याची असेल. आमचे भांडण एकतर्फीपणाशी आहे. घोडा कोणत्याही रंगाचा असो, लगाम नसला की तो पेरलेले शेत तुडवतो.

आकडे काय सांगतात?

२०२२ च्या डिसेंबरात गुजरातेत विधानसभेच्या १८२ जागांची निवडणूक झाली. भाजपला १५६ मिळाल्या. काँग्रेसला १७, आम आदमी पक्षाला ५, आणि उरलेल्या ४ जागा अपक्षांना व समाजवादी पक्षाला. सुरत जिल्ह्यात तर १६ पैकी १६ जागा एकाच पक्षाच्या.

हे ऐकून आपला माणूस म्हणतो, "सगळी जनता एकीकडे आहे, आपण एकटे काय करणार?"

थांबा. जागा मोजल्या, आता मते मोजा. शंभरातली सुमारे साडेबावन्न मते भाजपला पडली. म्हणजे साडेसत्तेचाळीस मते दुसऱ्या कोणाला तरी पडली. सुमारे सव्वासत्तावीस काँग्रेसला, जवळजवळ तेरा आम आदमी पक्षाला, बाकीची इकडे-तिकडे. शंभर माणसांतली सत्तेचाळीस माणसे एकीकडे उभी राहिली आणि त्यांच्या हाती आल्या १८२ पैकी २६ जागा! आपल्याकडची रीतच अशी आहे की ज्याला एक मत जास्त त्याला अख्खी जागा. दुसऱ्या-तिसऱ्याची मते हिशेबात धरत नाहीत. ही रीत भाजपने काढली नाही. १९८५ साली याच रीतीने काँग्रेसला १४९ जागा मिळाल्या होत्या, तेव्हा काँग्रेसवाल्यांनीही तक्रार केली नाही.

आणखी एक हिशेब. २०२२ साली शंभरातले सुमारे चौसष्ट मतदारच मतदानाला गेले. छत्तीस गेलेच नाहीत. हे छत्तीस कोण? बंगल्यातलेही असतील, पण त्यात पाळीवर गेलेले, गावी गेलेले, "आपल्या मताने काय होतंय" म्हणत खोलीवर झोपलेले आमचे भाऊबंदही आहेत. तेव्हा एकटे कोण आहे? आम्ही एकटे नाही. आम्ही विखुरलेले आहोत. एकटा आणि विखुरलेला यात फरक आहे, बंधूंनो. एकट्याला इलाज नाही. विखुरलेल्यांना एकच इलाज आहे, गोळा होणे.

रिकाम्या बाकांची किंमत कोण मोजतो?

काँग्रेसचे १७ निवडून आले. दहावा हिस्सा भरत नाही म्हणून विरोधी पक्षनेतेपदाची मान्यता मिळाली नाही. मग त्या सतरांतले चौघे आमदारकी सोडून सत्ताधारी पक्षात गेले आणि २०२४ च्या पोटनिवडणुकांत त्याच पक्षाच्या तिकिटावर पुन्हा निवडून आले. आधीच चार बाक, त्यातलेही उचलून नेले.

"असू दे की! विधानसभेतल्या बाकांशी आपल्या पोटाचा काय संबंध?"

संबंध सांगतो. कान देऊन ऐका.

एप्रिल २०२०. टाळेबंदी लागलेली. सुरतेत मिली बंद, मजुरी बंद, खाणावळी बंद. "आम्हाला घरी जाऊ द्या" म्हणून हजारो कामगार रस्त्यावर आले होते. त्याच महिन्यात गुजरात सरकारने एक अधिसूचना काढली. कारखान्यात दिवसाला १२ तास काम, आठवड्याला ७२ तास, आणि जादा तासांना दुप्पट दर नाही. त्या कागदात उदाहरणसुद्धा दिले होते, आठ तासांचे ८० रुपये असतील तर बारा तासांचे १२० द्या! घामाचा दुप्पट दर हा आमच्या आज्या-पणज्यांनी लढून मिळवलेला हक्क. तो एका कागदाने पुसला. गुजरात मजदूर सभा आणि दुसरी एक कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १ ऑक्टोबर २०२० ला न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली आणि कामगारांना जादा तासांचे पैसे द्या असे सांगितले. आम्ही पेढे वाटले.

पण पुढे काय झाले? २०२५ च्या जुलैत सरकारने वटहुकूम काढला आणि सप्टेंबरात तो विधानसभेत कायदा करून घेतला. दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर. आठवड्याचे ४८ तास कायम, पण तिमाहीत जादा कामाची मर्यादा ७५ तासांवरून १२५ तासांवर. विधानसभेत विरोध झाला. पण विरोध करणारे किती? मूठभर! हात वर झाले, मोजले, संपले.

बघा आता दोन्ही घटना शेजारी ठेवून. २०२० मध्ये कागद सरकारी होता, तो न्यायालयात फाडता आला. २०२५ मध्ये तेच बारा तास विधानसभेच्या दारातून आले. जी लढाई आम्ही न्यायालयात जिंकली ती रिकाम्या बाकांवर हरलो.

कोणी म्हणेल, "सुरतेत बारा तास नवे आहेत काय? लूमवाले तर कधीपासून बारा तास चालवतात." खरे आहे. पण काल ते चोरून होते. काल इन्स्पेक्टर आला तर शेठला घाम फुटत होता. आज कायदा त्याच्या खिशात आहे. चोरी चोरी असते तोवर चोराला धरता येते. तिला पावती मिळाल्यावर कोणाला धरणार?

आणि म्हणे कामगाराची लेखी संमती हवी! ठेकेदाराच्या माणसाला, ज्याचे नाव मिलच्या हजेरीपटावर नाही, ज्याला उद्या गेटवर घेतील की नाही याची खात्री नाही, त्याच्यापुढे कागद ठेवायचा आणि विचारायचे, "तुझी संमती आहे ना?" अहो, बकऱ्याला विचारावे तशी ही संमती! विधानसभेत पन्नास-साठ माणसे समोर बसली असती तर एकाने तरी उठून विचारले असते, "महाराज, ही संमती घेणार कोण, तपासणार कोण, आणि नाही म्हणणाऱ्याच्या नोकरीची हमी कोण देणार?" आणि उत्तर मिळेपर्यंत कामकाज चालू दिले नसते.

पुढचीही गोष्ट ध्यानात ठेवा. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने चार श्रमसंहिता लागू केल्या. त्यांखालचे पुष्कळसे नियम राज्य सरकारांनी करायचे आहेत. म्हणजे आमची भाकर दिल्लीइतकीच गांधीनगरात भाजली जाणार आहे. आणि आम्ही म्हणतो, विधानसभेशी काय संबंध!

मत मागायलाच कोणी आले नाही!

एकतर्फीपणा शेवटी कुठे जाऊन पोचतो? लांब जायला नको. आपल्या सुरतेतच पाहा.

२०२४ ची लोकसभा. सुरत मतदारसंघात १७ लाखांवर मतदार. काँग्रेसच्या उमेदवाराच्या अर्जावरच्या सह्या आमच्या नाहीत असे त्याचे सूचकच म्हणाले. अर्ज बाद झाला. पर्यायी उमेदवाराचाही अर्ज बाद. मग बाकीच्या साऱ्या उमेदवारांनी माघार घेतली. आणि २२ एप्रिल २०२४ ला भाजपचे उमेदवार बिनविरोध निवडून आले. ७ मे ला सगळ्या गुजरातेत मतदान झाले, सुरत मतदारसंघात झाले नाही.

आमच्यातले जे उधना, लिंबायत, पांडेसऱ्याकडे राहतात त्यांचे मत नवसारी मतदारसंघात. त्यांना मत देता आले. तिथेही विजयी उमेदवार ७ लाख ७३ हजारांच्या मताधिक्याने आला. पण कतारगाम, ओलपाडकडच्या आमच्या सोबत्यांच्या बोटाला त्या दिवशी शाई लागली नाही. "यापैकी कोणी नाही" असे बटण असते ना? तेसुद्धा दाबायला मिळाले नाही! अठरा वर्षे पुरी झालेली पोरे पहिल्या मतासाठी कार्ड काढून बसली होती. त्यांनी बापाला विचारले, "मतदान कधी?" बाप काय सांगणार? "झालं रे बाळा, तुझ्याशिवाय झालं!"

यात जिंकणाऱ्याला काय दोष द्यायचा? ज्याला विरोधच नाही तो जिंकणारच. दोष त्या पक्षाचा, ज्याला १७ लाखांवर मतदारांच्या मतदारसंघात आपल्या अर्जावर टिकतील अशा सह्या मिळवता आल्या नाहीत. दोष त्यांचा, जे उभे राहिले आणि मतदारांना न विचारता बसले. आणि थोडा दोष आमचा. आम्ही हे बघितले, हसलो आणि पाळीला गेलो.

बहुमत असूनही झुकावे लागते, त्याचा पुरावा

आता कोणी म्हणेल, "समजा विरोधी पाच-पन्नास निवडून दिले. सरकार तर त्यांचे येणार नाही. मग उपयोग काय?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हाला पुस्तकातून शोधावे लागत नाही. आमच्या आज्यांच्या तोंडून ते ऐकलेले आहे. ३० एप्रिल १९६० पर्यंत सुरत आणि धुळे एकाच राज्यात होते, मुंबई राज्यात. मराठी माणसाला संयुक्त महाराष्ट्र हवा होता, गुजराती माणसाला महागुजरात हवा होता. दिल्लीने १९५६ साली दोघांनाही एकाच द्वैभाषिकाच्या दावणीला बांधले. मुंबईत गोळ्या चालल्या, अहमदाबादेत गोळ्या चालल्या. मराठी पोरे पडली, गुजराती पोरे पडली.

मग १९५७ ची निवडणूक आली. तेव्हाही शहाणे लोक हेच म्हणत होते, "काँग्रेसला कोण हरवणार? स्वातंत्र्य मिळवलेला पक्ष, नेहरूंचा पक्ष!" आणि खरेच, काँग्रेस हरली नाही. ३९६ पैकी २३४ जागा मिळवून तिनेच सरकार केले. जागांच्या हिशेबाने विषय संपायला हवा होता.

पण संपला काय? नाही! कारण पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसची दाणादाण उडवली. खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कऱ्हाडात अगदी थोड्या मतांनी तरले. तिकडे अहमदाबादेत महागुजरातचे पुढारी इंदुलाल याज्ञिक लोकसभेवर निवडून गेले. बहुमत एका बाजूला राहिले आणि समोरचे बाक माणसांनी भरले. बाहेर रस्ते भरलेले, आत बाक भरलेले. तीन वर्षांत त्याच बहुमतवाल्या काँग्रेसने द्वैभाषिक मोडले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, त्याच दिवशी गुजरात झाला.

बंधूंनो, ज्या गुजरातच्या विधानसभेत आज समोरचे बाक ओस आहेत, ते गुजरात राज्यच भरलेल्या विरोधी बाकांनी जन्माला घातले आहे! समितीने सरकार बनवले नाही, राज्य मात्र बनवून घेतले. हाच विरोधी मताचा उपयोग.

इतके जुने नको? मग २०१७ घ्या. जीएसटी आला आणि त्या जुलैत सुरतच्या कापड बाजाराने संप केला. डिसेंबरात गुजरातची निवडणूक, आणि ती अटीतटीची होणार असे सगळे म्हणू लागले. ऑक्टोबरात जीएसटी परिषदेने कृत्रिम धाग्यावरचा कर १८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आणला. निवडणुकीत भाजपला ९९ जागा आल्या, काँग्रेसला ७७. सरकार बदलले नाही. पण कर मतदानाआधीच उतरला. देव पावला म्हणून उतरला काय? आम्ही म्हणतो, मताच्या भीतीने उतरला. ज्याला हरण्याची भीती असते तोच ऐकतो.

एकतर्फी भिंत पडते तेव्हा

"पण ही सत्ता आता हलायची नाही," असे जे म्हणतात त्यांनी गुजरातचाच इतिहास पाहावा. १९७२ साली काँग्रेसला १६८ पैकी १४० जागा होत्या. दोन वर्षे गेली नाहीत तोच वसतिगृहातल्या जेवणाच्या बिलावरून पोरे उठली, महागाईवरून सगळा प्रांत उठला, नवनिर्माण आंदोलन झाले. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला, मार्चमध्ये विधानसभाच बरखास्त झाली. पुढे १९८५ साली त्याच काँग्रेसला १४९ मिळाल्या. पाच वर्षांनी, १९९० साली, किती राहिल्या? ३३!

पण यात आनंद मानू नका. सभागृहात बोलायला माणूस नसला की भांडण रस्त्यावर जाते, आणि रस्त्यावर गोळी गरिबाच्याच पोराला लागते. १९७४ साली माणसे मेली. म्हणून आम्ही म्हणतो, बाक भरलेले बरे. आमच्या स्टेंटरवर कापड दोन्ही काठांनी पकडून ताणतात. एका काठाची पकड सुटली की कापड तिरके जाते, आणि वेळेवर मशीन थांबवले नाही तर अख्खा ताका वाया जातो. राज्याचेही तसेच आहे.

विरोधी पुढाऱ्यांनो, तुम्हीही ऐका!

तुम्हाला आम्ही मोकळे सोडणार नाही. निवडणुकीआधी दोन महिने तुमच्या गाड्या आमच्या गल्लीत येतात आणि निकालानंतर पाच वर्षे तुमचे फोन बंद. आमच्या मताने निवडून यायचे आणि आम्हाला न विचारता समोर जाऊन बसायचे, हा धंदा आता बंद करा. विसावदरच्या मतदारांनी काय केले ते आठवा. २०२२ साली त्यांनी आम आदमी पक्षाचा आमदार दिला. तो राजीनामा देऊन भाजपमध्ये गेला. जागा दीड वर्ष रिकामी राहिली. जून २०२५ च्या पोटनिवडणुकीत मतदारांनी पुन्हा त्याच पक्षाचा दुसरा माणूस निवडून दिला. माणूस विकला गेला, मतदार विकला गेला नाही!

आणि एकमेकांची मते कापून दोघांनी घरी बसायचे हे शहाणपण किती दिवस चालणार? मघाचा साडेसत्तेचाळीसचा हिशेब भिंतीवर लिहून ठेवा.

आता आपण करायचे काय?

"सत्तेतला आमदार असला की कामं होतात" ही समजूत आधी डोक्यातून काढा. सुरतेत सोळाच्या सोळा आमदार सत्तेतले आहेत. मग आमच्या गल्लीत पाणी तासभरच का? पावसाळ्यात गटार घरात का? सत्तेतल्या आमदाराला आपल्याच मंत्र्याला जाब विचारता येत नाही. विचारायला समोरचाच लागतो.

म्हणून पाच कामे करू.

एक. मतदारयादीत नाव तपासा. २०२५-२६ मध्ये गुजरातेत याद्यांची सखोल फेरतपासणी झाली आहे. भाड्याच्या खोल्या बदलणाऱ्या आमच्यासारख्यांनी नाव आहे असे गृहीत धरू नये. नाव नसेल तर सहा नंबरचा फॉर्म, पत्ता बदलला असेल तर आठ नंबरचा. लिहिता येत नसेल त्याला शेजाऱ्याने भरून द्यावा.

दोन. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी हा कायद्याने दिलेला हक्क आहे. शेठची मेहेरबानी नाही. एकट्याने मागू नका, खात्याने मिळून मागा.

तीन. जो उमेदवार मत मागायला येईल, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याच्यापुढे कागद ठेवा. बारा तासांबद्दल तुझे म्हणणे काय? ठेकेदारीबद्दल काय? निवडून आल्यावर पक्ष सोडलास तर आमदारकी सोडून आमच्यापुढे येशील काय? सही करणार नाही त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

चार. कोणतीही जागा बिनविरोध जाऊ देऊ नका. सूचक लागत असतील तर आमच्यातले सूचक होतील, आणि केलेल्या सहीवर ठाम उभे राहतील.

पाच. युनियनचे सभासद व्हा. आमदार पाच वर्षांतून एकदा निवडतो, युनियन रोज लागते. बाहेर संघटना नसेल तर आत बसलेला आपला माणूसही मुका होतो.

आम्ही असे म्हणत नाही की या निवडणुकीत सरकार पडेल. पडो की राहो. आम्हाला एवढेच हवे आहे की जो कोणी मुख्यमंत्री होईल त्याने सभागृहात मान वर केली की समोर माणसे दिसावीत, आणि त्या माणसांच्या मागे आम्ही दिसावेत.

तेव्हा पुढच्या वेळी टपरीवर कोणी म्हणाला, "निकाल लागलाय, मत कशाला?", तर त्याला हा कागद द्या. म्हणावे, "सरकार कोणाचं येणार ते तू सांगितलंस. आता त्याला जाब विचारणारा कोण, ते आपण ठरवू."

बाक रिकामे ठेवू नका!
कामगार एकजुटीचा विजय असो!